खळ वाळायला दोन दिवस

आमच्या मागच्या ओळीतल्या काकूंवर यंदा जुलैच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, अन्याय झाला. करणारे दोघं होते. एक खिडकीतला बाबू. दुसरी मी.

"खळ वाळू दे, परवा ने." शाळा उघडायच्या दिवसांत हे वाक्य ऐकतच जबलपूरजवळच्या खमरियातल्या आमच्या फॅक्टरी क्वार्टरांतली पोरं मोठी झाली. पुस्तकांना कव्हर घालावं ते काकूंनीच. खाकी कागद, मैद्याची खळ, आणि कोपरा असा की कागद फाटेल पण कोपरा उलगडणार नाही.

आता सांगा, जबलपूरच्या जूनमध्ये खळ वाळायला दोन दिवस लागतात? तासाभरात पापड होतो. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात हे आलं नाही. पहिली-दुसरीची पुस्तकं संध्याकाळीच हातात मिळायची, थांबायची ती फक्त नववी-दहावीची. गेल्या वर्षी मी भावाचं विज्ञान आणायला गेले, तर काकू ओळीवर बोट ठेवून वाचत बसलेल्या. ओठ हलत होते. मला पाहून पुस्तक मिटलं. "वाळलं नाही गं अजून." कव्हर ठणठणीत कोरडं होतं.

आठवीनंतर काकूंचं लग्न झालं, शाळा सुटली. तेव्हापासून दर जूनला त्या म्हणायच्या, यंदापासून दहावीचं बघते. काका चिडवायचे, हिचं यंदा दर वर्षी येतं.

या वर्षी मात्र मुदत होती. जुलैअखेर काका फॅक्टरीतून रिटायर होणार, क्वार्टर सोडून पुण्याला मुलाकडे जायचं. "तिकडं गेली की मी नुसती आजी," काकू म्हणाल्या. "इथं आहो तोवर फॉर्म भरून टाकू."

मोठ्या माणसांनी ओपन स्कूलमधून दहावी करावी म्हणून मी दारोदार पत्रकं वाटते. काकूंनी माझं पत्रक दोनदा वाचलं आणि परत दिलं. "यात शेवटची तारीखच नाही लिहिली, बेटा." चौकशी केली. शेवटची तारीख त्या सोमवारनंतरचाच बुधवार होता.

सोमवारी ओपन स्कूलच्या खिडकीवर बाबूंनी विचारलं, "अम्मा, पोती का फॉर्म है?"

"नहीं भैया, दादी का है."

रांग हसली, बाबूही हसले. आठवीची जुनी मार्कशीट ते उलटून पाहू लागले. नाव माहेरचं, टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला नाही. तरी काकू शांतपणे एकेक कागद पुढे करत होत्या आणि ते घेत होते. मग बाबू पुटपुटले, "इस उमर में क्या करेंगी, अम्मा." काकूंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी काउंटरवर हात आपटला. वयाचा नियम दाखवा, इथंच धरणं देते, व्हिडिओ काढते, सगळं बोलून घेतलं.

बाबूंचा चेहरा बंद झाला. "नियम चाहिए? तो टीसी लाइए." सगळे कागद परत सरकवले.

बसमध्ये काकूंनी सगळे कागद पुन्हा ओळीनं पिशवीत लावले. मग म्हणाल्या, "तू काहून बोलली? मी बोलून राहिली होती ना."

मंगळवारी आम्ही सिहोऱ्याजवळच्या त्यांच्या माहेरगावी गेलो. शाळा आहे, पण त्या सालचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. हेडमास्तरांनी काकूंना खुर्ची दिली आणि आठ दिवसांत दाखला करून देतो म्हणाले. बुधवार काही आठ दिवस थांबला नाही.

जुलैअखेर सामानाचा ट्रक गेल्यावर काकू ऑटोत बसल्या, मांडीवर देवांचा डबा. मला जवळ बोलावलं. "पुण्यात मराठीतून लिहावं लागंल का गं? माझं तर सगळं हिंदीतून झालं."

मला माहीत नव्हतं. इतकी पत्रकं वाटली आणि एवढं माहीत नव्हतं. बघून सांगते म्हणाले, ऑटो निघाली. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, परीक्षा हिंदीतूनही देता येते. काकू अच्छा म्हणाल्या आणि नातवाच्या खोकल्याचं सांगू लागल्या. अजूनही फोनवर नातवाचंच सांगतात. फॉर्मचं विचारायची मला भीती वाटते.

तुमच्याही घरात अर्ध्यात शाळा सुटलेली एक बाई आहे. कितवीत सुटली ते तिला आज विचारा. तिची टीसी वाळवीच्या आधी गाठा, शेवटची तारीख शोधा, खिडकीपर्यंत तिच्यासोबत जा. आणि तिथे ती बोलत असेल तेव्हा तोंड बंद ठेवा.