गच्चीवरच्या सळया

पुंडलिकनगरात घर बांधलं तेव्हा संघपालरावांनी गच्चीवर कॉलमच्या सळया हात-दीड हात तशाच उभ्या सोडल्या. पोरगा सुगत कमवायला लागला की त्याच्यासाठी वरचा मजला चढवायचा होता. उघडं लोखंड गंजतं, म्हणून दरवर्षी भीमजयंतीच्या आधी घराला रंग देऊन झाला की ते डबड्यात सिमेंट कालवत आणि गच्चीवर जाऊन एकेक सळई ब्रशनं लेपून काढत.

खालून त्यांच्या बायकोचं, सरिताबाईंचं तोंड सुरू व्हायचं. "पोरीला न्हाऊ घालावं तसं चाललंय! लई लाड त्या लोखंडाचे."

यंदा सुगतनं पुण्यात फ्लॅट घेतला. फोनवर म्हणाला, "बाबा, आता त्या सळया कापून टाका. घराची शोभा जाते."

"व्हय, बघतो," एवढंच संघपालराव म्हणाले.

जयंती जवळ आली. घराला रंग लागला, पण ते काही वर गेले नाहीत. ओट्यावर बसून नुसते रस्त्याकडं बघत राहिले. सरिताबाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग डबडं धुतलं, सिमेंट कालवलं, दोन ब्रश घेतले आणि जिना चढायला लागल्या. अर्ध्यावर थांबून त्या ओरडल्या,

"येता का नाय? कालवलेलं वाळून चाललंय!"