नानीच्या कार्डावरचा आकडा

नानीच्या दंडावरचा बीपीचा पट्टा अर्धा फुगला होता, तेवढ्यात वरच्या आळीतल्या ज्या घराच्या सोप्यावर तपासणी शिबिर भरलं होतं, तिथली मोठी काकी बाहेर आली.

"आवं सिस्टर, त्यो पट्टा आमच्या मालकांना लावायचाय अजून. ह्यांचं शेवटाला घ्या की."

सिस्टरनं पट्टा सोडला. मग पिशवीतून कापूस काढला, स्पिरिटमध्ये भिजवला आणि पट्टा आतून पुसून घेतला. आमच्यासमोर. त्याआधी वरच्या आळीतल्या नऊ-दहा जणांचं बीपी तपासून झालं होतं, तेव्हा कापूस पिशवीतच होता.

नानी पायरीवरून उठली. दंडावर पदर ओढून घेतला आणि मलाच म्हणाली, "चल पोरी, भाकरी टाकायच्यात." वस्तीतल्या बाकीच्या बाया तिच्यामागोमाग निघून गेल्या.

मी टेबलाजवळ उभी होते. गळ्यात ओळखपत्र, हातात तपासणीचा तक्ता. वाळवा तालुक्यातल्या या गावात मी बौद्ध वस्तीची सून आणि सरकारची आशा कार्यकर्ती. नानी माझी चुलत सासू. लग्न होऊन आले तेव्हा मला पुढं शिकू द्या म्हणून माझ्या सासऱ्यांशी भांडलेली बाई. 'सर्वांसाठी आरोग्य' असा फलक त्या सोप्याच्या खांबांना मीच सकाळी बांधला होता. आणि मी गप्प राहिले. राग आला नाही असं नाही. भीती जास्त वाटली.

निघताना सिस्टर म्हणाली, "ए आशा, तुमच्या वस्तीचं उद्या तूच घे. मशीन न्यायला ये."

दुसऱ्या दिवशी गेले, तर मशीन दुसऱ्या गावच्या शिबिराला गेलेलं.

सिस्टर म्हणाली, "मग टाक की एकशेवीस-ऐंशी. समद्यांचं तेवढंच असतंय. तक्ता आजच वर पाठवायचाय."

मी टाकले आकडे. घरात बसून, चहा पीत. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण सगळ्यांचे आकडे सारखे दिसले तर खोटेपणा उघडा पडेल, म्हणून मी ते बदलले. कुणाला एकशेअठरा-अठ्ठ्याहत्तर. कुणाला एकशेचोवीस-ब्याऐंशी. हे सिस्टरनं सांगितलं नव्हतं. ही अक्कल माझी. तक्ता भरून झाल्यावर मला हलकं वाटलं होतं, हेही खरं आहे.

आकडा लिहिलेलं नानीचं तपासणीचं कार्ड तिच्या घरी द्यायला गेले.

"त्या अर्ध्या पट्ट्यात कळलं व्हय गं?" तिनं विचारलं.

"कळलं की नानी. एकदम चांगलं हाय."

त्या दिवसांत तिचं डोकं लय दुखायचं. तिचा मुलगा संजू इस्लामपूरला डॉक्टरकडं चल म्हणून मागं लागला होता. ती त्याला कार्ड दाखवायची. "सूनबाईनं बघितलंय. चांगलं हाय म्हणाली. उगं कशाला खाडा करायचा?"

पुढच्या महिन्यात उसातलं तण भांगलताना नानी पडली. उजवं अंग गेलं. वाचा गेली.

सांगलीच्या सरकारी दवाखान्यात मीही संजूबरोबर गेले होते. डॉक्टर तरुण बाई होती. तिनं विचारलं, "याआधी कधी बीपी तपासलं होतं?"

संजूनं कार्ड काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलेलं.

"हे तर नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाली. "आत्ता दोनशेच्या वर आहे. हे कुणी तपासलं होतं?"

"ह्या वहिनीनं. आशा हाय ती. आमच्या घरातलीच." संजू अभिमानानं म्हणाला.

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिली. मी मान हलवली. हो, मी तपासलं.

सोप्यावरच्या अपमानापेक्षा मला त्या मान हलवण्याची लाज जास्त वाटते. तिथं दुसऱ्यांनी आम्हाला पायरीवर बसवलं होतं. इथं मी माझ्याच माणसाला फसवलं. मी आकडा लिहिलाच नसता, कार्ड कोरंच राहिलं असतं, तर संजूनं तिला ओढत का होईना इस्लामपूरला नेलं असतं. माझ्या आकड्यानं तिला अडवलं.

मग आरोग्य केंद्रात महिन्याची बैठक झाली. तपासणीत आमचं गाव पुढं होतं. एक माणूस सुटला नाही म्हणून केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी मला उभं केलं. टाळ्या वाजल्या. सिस्टरनं सहीसाठी पुढचा तक्ता माझ्यासमोर सरकवला. त्यातले आकडे अजून भरायचेच होते. सही आधी.

मी पेन खाली ठेवलं.

"साहेब, आमच्या वस्तीत एकाचंबी बीपी तपासलेलं न्हाई. आकडे मी मनानं घातल्यात. माझी चुलत सासू त्यापायी लुळी पडलीय."

"बस गं खाली," सिस्टर पुटपुटली.

"ताई, असं चारचौघांत बोलू नका. तुमचंच काम जाईल," साहेब म्हणाले. मला दमात घ्यावं असंही त्यांना वाटत नव्हतं. त्यांना फक्त बैठक लवकर संपवायची होती.

घरी येऊन वरच्या आरोग्य अधिकाऱ्यांना तक्रार लिहिली. पट्टा कुणी काढायला लावला, कुणी काढला, खोटे आकडे कुणी लिहिले. खोटे आकडे लिहिणारीचं नाव पहिलं घातलं. पाठवायच्या आधी कागद संजूच्या हातात दिला. नानी खाटेवरून आमच्याकडं बघत होती. तिला ऐकू येतं, सगळं कळतं. संजूनं दोनदा वाचलं.

"वहिनी, माझ्या आयजवळ आता येऊ नगा."

मी जात नाही. त्याचं बरोबर आहे.

आता चौकशी लागलीय. दबाव होता का, असं मला विचारतील. मी सांगणार, सिस्टरनं सांगितलं, पण लिहिलं मी. काम जाईल. जाऊ दे. तोपर्यंत मी वस्तीतलं एकेक घर धरलंय. दारात उभी राहून सांगते, "तुमच्या कार्डावरचा आकडा खोटा हाय. मी लिवलाय. चला, दवाखान्यात जाऊ." काल सहा जणी आल्या. त्यातल्या दोघींचं बीपी इतकं वाढलेलं निघालं की डॉक्टरनं तिथंच गोळ्या सुरू केल्या. एकीनं परत येताना मला तोंडावर शिवी दिली. मी ऐकून घेतली. अजून निम्मी वस्ती राहिलीय. शिव्या देतील, तोंडावर दार लावतील. ते तपासून घ्यायला निघेपर्यंत मी त्यांच्या दारातून हलणार नाही.