जनाबियातल्या व्हिलाची कमान

तीसहून अधिक वर्षं महाराष्ट्र पोलिसांत काढली. पण छाती सर्वांत जास्त धडधडली ती निवृत्तीनंतरच्या एका तपासात, बहारीनमध्ये.

मुलगी आणि जावई तिथे मनामा शहरातल्या झिंज भागात राहतात. जावयाच्या ओळखीने मला जनाबियातल्या एका व्हिलात सुरक्षाप्रमुखाचं काम मिळालं. एका इटालियन व्यापाऱ्याने फार पूर्वी आपल्या मुलखाच्या धर्तीवर बांधलेली वास्तू. दगडी कमानींचा व्हरांडा, टप्प्याटप्प्याने उतरत गेलेली बाग, कारंजी, कुंड्यांतली लिंबाची झाडं. सध्याच्या मालकांनी तिथे आजच्या कलावंतांच्या कलाकृती मांडल्या आहेत. सुरुवातीला मला त्यातलं काही कळत नसे. रोज गस्त घालता घालता गोडी लागली.

नव्या प्रदर्शनासाठी बागेत उतरायच्या मुख्य कमानीखाली एक पोलादी कडं टांगलं होतं. बैलगाडीच्या चाकाहून मोठं, आडवं, पाहुण्यांच्या डोक्यावर चार हात उंच. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी ते जमिनीवर उतरवलेलं सापडलं. ते पुन्हा चढवलं. उद्घाटनाच्या सकाळी परत तेच!

कलाकार बाई इटलीहून आलेल्या. त्या संतापल्या होत्या. व्हिलाचे मॅनेजर पुण्याचे. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, चारपर्यंत माणूस सापडला नाही तर मी पोलिसांना फोन करणार. पाच वाजता पाहुणे येतायत."

इथे मला ना वर्दी ना अटकेचा अधिकार. होते ते फक्त डोळे. मी घटनास्थळ पाहिलं आणि चक्रावलो. कड्याखाली लाकडी ठोकळे नीट लावलेले होते, पॉलिशवर एक ओरखडा नव्हता. ज्या चेनब्लॉकने ते वरखाली करतात, त्याची साखळीही नीट गुंडाळून ठेवलेली. नासधूस करणारा माणूस एवढी काळजी घेत नाही. हे काम धंद्यातल्या हाताचं होतं.

कंत्राटदाराच्या माणसांनी दुपारी कडं तिसऱ्यांदा वर चढवलं. तेवढ्यात बंगाली माळी माझ्याजवळ घुटमळू लागला. पोलिसाला असं घुटमळणं ओळखता येतं. मी त्याला लिंबाच्या कुंड्यांकडे नेलं.

"साब, मेरा नाम नहीं आना चाहिए," तो म्हणाला. "सुबह की नमाज़ के बाद देखा. अपना फिटर था. लकड़ी लेके जा रहा था."

फिटर म्हणजे म्हसळ्याकडचा पन्नाशीचा कोकणी मुसलमान, अबोल आणि कामाला चोख. कंत्राटदाराचा सुपरवायझर त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. त्यानेच फिटरला व्हिसा काढून आणलेलं. त्या दिवशी सुपरवायझरनेच फिटरला कामावरून घरी बसवलं होतं. मी गाडी पाठवून त्याला बोलावून घेतलं आणि माझ्या खोलीत समोर बसवलं.

हिंदीत काहीही विचारलं तरी तो "मालूम नहीं" एवढंच म्हणे. मी हिंदी सोडून मराठीत आलो.

"तुम्ही ते मोडायला उतरवलं नाही, हे मला कळलंय. मग कशाला उतरवलंत?"

"मी चोर नाय, साहेब."

"ते मी म्हटलंच नाही. चार वाजता इथले पोलीस येतील. मग तुमचं मराठी ऐकणारं कोणी नसेल."

मग मी सहज म्हणालो, "बरं, आता तरी कडं वर नीट बसलंय. उद्घाटनाला गाणारी शाळेची मुलं खाली तालीम करतायत."

तो ताडकन उठला. खुर्ची मागे पडली.

"परत चढवला? साहेब, मुलांना काढा! कमान तडकलीय! मी तड्यावर प्लास्टरची पट्टी मारलीय, ती फुटली असंल तर तडा वाढतोय, दगड सुटणार!"

"आधी का नाही बोललात?"

"बोललो ना भावजींना, दोनदा! ते म्हनाले, खलास, तुजा काम झाला. आता वर सांगितला तर त्यांची नोकरी जाईल. माझ्या बहिणीचा घर हाय ते."

आम्ही दोघंही धावलो. या वयात मी इतका जोरात धावेन असं मला वाटलं नव्हतं. मी शिटी फुंकत मुलांना कारंज्याकडे पिटाळलं. एक शिक्षिका वाद घालू लागली, तिच्यावर मी पोलीस ठाण्यातल्या आवाजात ओरडलो. मग शिडीवर चढलो. कमानीच्या माथ्याशी बोटभर रुंदीची पांढरी पट्टी होती, मधोमध दुभंगलेली. फटीत माझं नख सहज गेलं.

आवाज ऐकून सुपरवायझर आला. त्याने वर पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. क्षणभर वाटलं, हा पळणार. पण त्याने धावत जाऊन साखळी धरली.

"यल्ला, चला, सगळे मागे व्हा!" तो ओरडला. मग मेहुण्याकडे वळून म्हणाला, "तू सांग, कशी सोडू?"

"हलू. एकेक कडी. झटका नको."

साखळीचा कटकट आवाज आणि फिटरचं मोजणं, बाकी सगळी बाग चिडीचूप. कडं कमरेपर्यंत आलं आणि वरून कच्च असा आवाज झाला. "सोडा!" फिटर किंचाळला. दोघं बाजूला झेपावले. नारळाएवढा दगड कड्यावर आदळला आणि कडं घंटेसारखं घणघणलं. मुलं काही मिनिटांपूर्वी तिथेच उभी होती.

कोणाला खरचटलंही नाही. मॅनेजरांनी तो फोन केला नाही. सुपरवायझरने स्वतः मालकांपुढे जाऊन चूक कबूल केली. त्याला त्या कामावरून काढलं, पण कंत्राटदाराने दुसरीकडे ठेवून घेतलं. फिटरला मालकांनी व्हिलाच्याच देखभालीवर घेतलं. कलाकार बाईंनी फिटरला बोलावून कडं कुठे ठेवायचं ते विचारलं आणि त्याने दाखवलेल्या जागी, हिरवळीवर, ते मांडलं. पाहुण्यांना ते तसंच आवडलं.

रात्री जेवण गेलं नाही. गुन्हा झाला की आम्ही पोलीस 'कोणी केलं' हे शोधतो. इथे त्या माणसाने गुन्ह्याआधी दोनदा तक्रार केली होती आणि ती कोणीच लिहून घेतली नव्हती. मला माझंच ठाणं दिसू लागलं. टेबलासमोर चप्पल हातात धरून उभी राहणारी माणसं, आणि डायरीतून मान वर न करता "उद्या या" म्हणणारा मी. त्यातले किती जण दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत, आणि ते का आले नाहीत, याचा तपास मी कधी केला नाही.