वाघळांचा वकील

हौसराव माझा थोरला भाऊ. बायको लवकर गेली, पोरबाळ न्हाई. मांडवगण फराट्याच्या पल्याड आमची वाडी, तिथल्या गायरानात एक जुनी चिंच, आन् चिंचेवर ही वटवाघळं उलटी लोंबकळत असायची. ह्याचा सगळा जीव त्या झाडात. कुणी फटाका लावला की काठी घेऊन धावायचा. पोरं ओरडायची, "वाघळांचा वकील आला रे!" मला मेलीला लाज वाटायची.

करोना आला, आन् मोबाईलवर आलं की रोग वाघळांनीच आणला. झालं! जो तो म्हणायला लागला, चिंच तोडा. हौसराव तोंडाला उपरणं बांधून दारोदार फिरला. "अरं बाबांनो, फळं खाऊन जगणारी जनावरं ती. आजवर कुणाला काय केलं त्यांनी?" लोक तोंडावर दार लावायचे. शेवटी पारावर सरपंचांपुढं हा तावातावानं बोलून बसला, "मी रोज चिंचेखाली बसतो. मला रोग झाला तर खुशाल तोडा!" काय गरज होती बोलायची? पण तोंड आवरंल तर तो हौसराव कसला.

तवा गावाच्या वाटा काट्या टाकून बंद केलेल्या. बाहेरच्यानं पाय ठेवायचा न्हाई. माझा लेक दत्ता कारेगावला कंपनीत, आन् त्याची बायको राजनंदिनी माझ्यापाशी, दिवस भरत आलेली. गड्याला राहवलं न्हाई. नदीच्या अंगानं गुपचूप आला, बायकोला लांबूनच बघितलं आन् मामाच्या खोपीत त्याच्यासंगं एका ताटात जेवला. "मामा, कालवणाला चवच न्हाई," म्हणला. कालवण मी केलेलं, मला असा राग आला! मामा हसला, "बायको पुढ्यात नसल्यावर कशी लागंल चव?" दुसऱ्या दिवशी पोरगं आलं तसं गेलं.

मग हौसरावला ताप भरला. शिरूरला नेलं, पॉझिटिव्ह निघाला. गाव म्हणलं, बघा! तिकडं दत्ताच्या खोलीवरची दोन पोरंबी पॉझिटिव्ह निघाली, तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी भावाला फोन लावला. "दादा, मी सरपंचांना सांगते, दत्ताकडून आलं म्हणून. चिंच वाचंल तुझी."

त्याला धाप लागलेली. "झुंबरे, खबरदार! गाव तुझ्याच दारात काट्या टाकील. पोरीला कळा आल्या तर गाडीवाला यायचा न्हाई, का कुणी बाई यायची न्हाई. दत्तालाबी बोलायचं न्हाई. माझी शपथ हाय."

"आन् चिंच?"

त्याला खोकल्याची उबळ आली. मग म्हणला, "जाऊ दे." मी लय रडले, आन् त्याला शिव्याबी दिल्या.

चिंच तोडली. वाघळं भर उन्हात सैरभैर फिरली आन् कुठं गेली कुणास ठाऊक. त्याच आठवड्यात राजनंदिनी मोकळी झाली, मुलगी. शेजारणी धावून आल्या, गाडी मिळाली, सगळं नीट झालं.

हौसराव बरा होऊन आला. गायरानाकडं फिरकला न्हाई. आता त्याला कुणी चिडवतबी न्हाई. दिवसभर खोपीत एकटा बसतो, मी भाकरी नेली तर तेवढंच कुणीतरी दिसतं त्याला.

वाटा उघडल्यावर दत्ता आला. लेक मामाच्या मांडीवर ठेवली आन् म्हणला, "मामा, तोडली ते लय बरं झालं. त्या वाघळांनी माझा मामा नेला असता. मी इथं असतो तर पहिली कुऱ्हाड मीच घातली असती."

मी तोंड उघडणार तोच हौसरावनं मला डोळ्यानंच दटावलं.

"व्हय रं बाबा," म्हणला. "लय बरं झालं."