भिंतीला लावलेला पेंढा

कोलाडच्या फाट्यावर पेंढ्याने भरलेला टेम्पो बाजूने गेला आणि त्या वासासरशी मला आमच्या घराची पश्चिमेची भिंत आठवली. कुडाचं घर पाडून आम्ही नुकतंच विटांचं बांधलं होतं, आणि मी रोह्याच्या कंपनीत रात्रपाळी करून सकाळी घरी येऊन पडायचो. दुपार कलली की ती भिंत तव्यासारखी तापायची. झोप होत नव्हती, आणि मशीनवर डुलकी लागली असती तर हातच गेला असता. गवंडी म्हणाला, आतून थर्मोकोल लावा. आई म्हणाली, "त्याला उंदीर लागतील. आपला पेंढा हाय की." तिने खळ्यावरचे भारे आणून बाहेरून भिंतीला छपरापर्यंत रचले. खोली खरंच निवली. पण गाईचा चाराही तोच होता. रोज संध्याकाळी आई त्यातलाच भारा ओढायची आणि माझी भिंत तेवढी उघडी पडायची. वैशाखातल्या एका दुपारी गाय हंबरायची थांबेना म्हणून मी उठून मागे गेलो. सगळी भिंत मोकळी झाली होती. फक्त माझ्या खाटेमागे, खाटेच्या लांबीएवढा पेंढा उरला होता. गोठ्यात गाय हंबरतच होती. "घाल तिला तो," मी गोठ्यापाशी उभ्या आईला म्हटलं. "नाय. तिला मी पाला आणते, तू नीज," म्हणत आई विळा घेऊन उन्हात निघाली. मी आत जाऊन पडलो आणि मला लगेच झोप लागली, इतका मी शिणलो होतो. आता खोलीत एसी आहे. तरी दुपारी पडतो ते त्याच भिंतीला पाठ लावून.