नरसय्यांचं छत

पुण्याहून निघताना माझ्याजवळ एक ट्रंक होती आणि नळकांड्यात गुंडाळलेला नकाशा. सत्तरच्या दशकातला उन्हाळा. सोलापूरच्या हातमाग प्रदर्शनासाठी भिंतींवाचून नुसतं ताणलेल्या कापडाचं छत उभारायचं होतं. नवशिका वास्तुविशारद मी. हे फसलं असतं तर पुढचं काम कोणी दिलं नसतं.

स्टेशनाबाहेर ऊन तोंडावर आलं. टांग्यानं पूर्व भागात पोचलो. गल्लीभर सूत ताणून विणकर त्याला खळ (पिठाची पेज) लावत होते. तेलुगू, मराठी आणि मागांची खटखट सगळं एकदमच ऐकू येत होतं.

गल्लीच्या तोंडाशी प्रदर्शनाच्या मैदानात चार सारख्या उंचीच्या खांबांना मजुरांनी आणि मी कॅनव्हास बांधला. दुपारच्या वाऱ्यानं तो असा फडफडला की मधली शिवण उसवली. समोरच्या ओट्यावरून नरसय्या नावाचे साठीचे विणकर बघत होते.

"साहेब, छप्पर हाय का पापड वाळत घातलाय?"

"अजून ताण द्यायला हवा," मी म्हणालो.

"सपाट कापड किती बी वडा, वारा त्याला हलवणारच की. या हितं."

त्यांनी घरातून चादर आणली. दोन टोकं मला दिली, दोन समोर बायकोला.

"दोघांनी बी उजवा हात वर, डावा खाली. आता वडा."

चादरीला घोड्याच्या खोगिरासारखा बाक आला. नरसय्यांनी वरून थाप मारली, खालून मारली. ती जागची हलली नाही.

"उंच टोकांमधलं कापड खाली लोंबतंय, बुटक्या टोकांमधलं वर कमान धरतंय. एक दुसऱ्याला सोडत न्हाय. तुमचे पट्टे सरळ शिवलेत. कोपऱ्यातून कोपऱ्यात शिवा, म्हंजे धागा बी तसाच ताणंल."

"एवढं शिकून हे न्हाय शिकवलं व्हय?" बाई म्हणाल्या आणि आत जाऊन कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आल्या. मी खाली मान घालून जेवलो.

दोन दिवस सगळी गल्ली शिवत बसली. मग दोन खांब उंच, दोन बुटके. नरसय्यांनी कडेचा दोर स्वतः आवळला. संध्याकाळी वारा सुटला आणि छत गप्प राहिलं. आत दिव्यावाचून मऊ उजेड होता. तापलेली हवा उंच टोकांखालून निघून जात होती. एवढ्या सावलीला चार खांब पुरले होते.

निघताना नरसय्या टांग्यापर्यंत आले. "पुण्यात सांगताल तवा एवढंच सांगा, दोर आमच्या गल्लीनं वडला."

"सांगेन," मी म्हणालो.

परतीच्या गाडीत, मांडीवर वही घेऊन मी या छताबद्दल लेख लिहिला. तो एका मासिकात छापून आला; त्याच्या जोरावर मला पुढची बरीच कामं मिळाली. काही महिन्यांनी सोलापूरहून पोस्टकार्ड आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं: 'लेख वाचून घेतला. झकास आहे. आमच्या गल्लीचं तेवढं राहून गेलं वाटतं.'

मी उत्तर दिलं नाही. आज मी नरसय्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा बराच मोठा आहे आणि ती वही अजून माझ्याकडे आहे. शेवटून दुसऱ्या पानावर त्यांचं नाव आहे, गल्लीचं आहे, चादरीची गोष्टही आहे. पुण्याच्या अलीकडे गाडी सिग्नलला थांबली होती, तेव्हा त्या ओळींवर मी रेघ ओढली.

राहून गेलं नव्हतं, नरसय्या.