तेरा एक आणि आम्ही तिघं

चार माणसं डबा खायला एकत्र बसली की भाजी संपते, किस्से उरतात. आम्ही तर तिघंच होतो. परळच्या शाळेत गणिताचे सावंत सर, इतिहासाचे कांबळे सर आणि शिवण शिकवणारी मी.

एकदा सावंत सरांनी फळ्यावर ओळीनं तेरा एक लिहिले. १११११११११११११!

"हा आकडा कशानंच फुटत नाही, असं मला वाटतं. रिटायर व्हायच्या आत सिद्ध करायचंय."

"कसं?"

"भागून बघायचं. वर्गमुळापर्यंत, म्हणजे साधारण साडेदहा लाखांपर्यंत."

सरांची चार वर्षं उरली होती. कांबळे सर म्हणाले, "सर, त्याआधी संयुक्त महाराष्ट्र होईल!"

*

वाटणी झाली. दोन, तीन, पाच, सात, अकरा... मूळ संख्या आळीपाळीनं घ्यायच्या. लेडीज फर्स्ट, म्हणून दोन माझा. मी कागदही न घेता सांगितलं, "जात नाही. एक उरतो!" सातलाही एकच उरला.

सावंत सर म्हणाले, "बाई, तुमच्यात गणित आहे हां!"

आठवडाभर मी घरात कुणाशी नीट बोलले नाही. गणितज्ञ ना मी!

*

कांबळे सर मोर्चाला गेले ते खिशात सदतीसचा भागाकार घेऊन. हवालदारानं कागद उलगडला.

"हे काय?"

"भागाकार. शेवटी एक उरतो."

हवालदारानं इकडेतिकडे पाहिलं. "कुठाय तो?"

*

हरताळ होता, शाळा बंद. मी काळाचौकीला आमच्या खोलीत बांगडे तळत होते. बघते तर दारात सावंत सर! करी रोडहून चालत आलेले.

"बाई, हरताळ शाळेला आहे, आकड्याला नाही. त्रेपन्न तुमचा."

एका हातात उलथणं, एका हातात पेन्सिल. बांगडा करपायला लागला तशी मी लिहून टाकलं, 'एक उरतो.' सर खूश. करपलेला बांगडाही खाऊन गेले.

*

महाराष्ट्र झाला! आम्ही मात्र अजून दहा हजारांच्या अलीकडेच. सरांच्या निरोपासाठी मी टेबलक्लॉथवर तेरा एक भरतकामानं काढले. टाके घालता घालता सहज त्रेपन्ननं भागून बघितलं.

पूर्ण गेला की हो!

पुन्हा केलं. पुन्हा शून्य. चार वर्षं तीन माणसं भागत बसली, ती माझ्या एका बांगड्यापायी!

निरोपाच्या दिवशी सरांना कोपऱ्यात गाठलं. "सर, एक सांगायचंय. तो त्रेपन्न..."

सरांनी भागाकारांची वही पुढे केली. त्रेपन्नच्या पानावर माझा 'एक' लाल पेन्सिलीनं खोडलेला, शेजारी त्यांच्या अक्षरात शून्य. तारीख हरताळाच्या दुसऱ्या दिवसाची. पुढे एकोणऐंशीचं पान. तेही माझंच. तिथेही लाल शून्य!

मी टेबलक्लॉथ पुढे केला.

सरांनी टेबलक्लॉथची घडी काखेत मारली. "सोमवारी डब्याच्या सुट्टीत येतो. आता सतरा एक घेऊ. आणि बाई, त्रेपन्न मी करणार!"